मागच्या सीटवर तिघांची जागा

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. साताऱ्यातल्या एका पांढऱ्या गाडीची मागची सीट. पुढच्या सीटवर मालक बसतो, तिला लाकडी मण्यांची चटई मिळते, तिच्यासमोर देव आणि अत्तराची बाटली असते. माझ्या वाट्याला केळीच्या साली, ओले टॉवेल आणि माणसांची बुडं. त्याचं मला वाईट वाटत नाही. बूड टेकलं की माणूस खरं बोलायला लागतो. त्यामुळे तुमच्या आईवडिलांबद्दल आणि आजीआजोबांबद्दल मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यातलं थोडं आज सांगते. गोड गोड बोलायची मला सवय नाही. ऐकवत नसेल तर दार उघडून खाली उतरा, पण गाडी थांबल्यावर.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. साच्यात पिवळसर पातळ काहीतरी ओतलं, ते पावासारखं फुगलं, आणि मी झाले. मग अंगावर राखाडी कापड चढलं. शेवटी मी एका बाईच्या पुढ्यात आले. तिचं काम एकच होतं, माझे तीन पट्टे तपासायचे. कडेचे दोन पट्टे खांद्यावरून कमरेपर्यंत येणारे, मधला नुसता कमरेचा. पट्ट्याची जीभ कुलपात घालायची, 'टक' ऐकायचं, एक हिसका द्यायचा, की झालं. टक, टक, टक. तिचा चेहरा मला नीट आठवत नाही, पण हाताचा तो हिसका आठवतो. आईनं पोराला शाळेत पाठवताना गुंडी लावून द्यावी, तसा होता. मला वाटलं, हा आवाज आता रोज ऐकायला मिळणार. नवीन होते, अक्कल नव्हती.

मला घरी आणलं सुभेदार लालासाहेबांनी. फौजेतली सगळी नोकरी संपवून ते साताऱ्यात परत आले आणि आलेल्या पैशातून पहिली गाडी घेतली. चाकाखाली लिंबू, पुढे लिंबू-मिरची, मागे काळी बाहुली. त्यांच्या बायकोनं, रंगूबाईंनी, गाडीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि बोटाला उरलेलं माझ्या कोपऱ्याला पुसलं. "हिलाबी लागूंद्या, हितंच बसायचं हाय मला," म्हणाल्या. माझ्या उभ्या आयुष्यात झालेली तेवढीच माझी पूजा.

दुसऱ्या दिवशी गाडी नियाजभाईच्या दुकानात गेली. नियाजभाई सीटांची कव्हरं शिवतात. सुभेदारांनी आधीच ठरवून टाकलं होतं. लाल-काळं रेक्झिन, आत दोन बोटं जाड फोम, कडांना उंच गाद्या, आणि माझ्या पाठीवर पांढऱ्या दोऱ्यानं भरलेलं त्यांच्या पलटणीचं नाव. नियाजभाईंनी माप घेतलं आणि विचारलं, "सुभेदारसाब, ही कुलपं वर ठेवू का आत घालू?"

"कसली कुलपं?"

"पट्ट्याची वो. बसनाऱ्याला टोचत्यात म्हनून लोक आत घालायला सांगत्यात."

"मग घाल की आत. मागं कोन पट्टा लावतंय? मागं बायका-पोरं बसनार."

मित्रांनो, हे शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. मागे बायका-पोरं बसणार, म्हणून पट्टा नको. सुभेदार वाईट माणूस नव्हते. पोरांवर जीव टाकणारा माणूस. हे वाक्य तुमच्याही घरात कुणीतरी बोललेलं असेल, म्हणून सांगते आहे. माझी तिन्ही कुलपं माझ्या फटीत दाबली गेली, मधला पट्टा घडी घालून पोटाखाली गाडला, वर रेक्झिन ताणून शिवून टाकलं. बाहेर काळी बाहुली हलत राहिली. ज्यांच्यावर भरवसा ठेवायचा ती कुलपं गाडली आणि बाहुली मात्र मागे टांगली.

तरी खोटं कशाला बोलू, ती वर्षं माझी सगळ्यात चांगली वर्षं होती.

रंगूबाई माझ्यावर बसायच्या त्या मांडी घालूनच. चपला काढून, पदर सावरून, घरच्या जोत्यावर बसावं तशा. त्यांच्या मांडीवर कायम काहीतरी असायचं. कधी माण तालुक्यातल्या माहेरून आणलेलं बाजरीचं गाठोडं, कधी सांगलीच्या बाजारातली गुळाची ढेप, एकदा तर शेळीचं करडू. त्या करडानं जे करायचं ते केलं, आणि सुभेदार पुढून ओरडले, "रंगे, रेक्झिन हाय म्हनून वाचलं." सांगलीहून परत येताना हळदीचं पोतं माझ्यावर आडवं पडायचं. आठवडाभर गाडीत बसेल त्याच्या पाठीला पिवळा ठसा. पाहुणे हसायचे, म्हणायचे, लग्नाआधीच हळद लागली.

माझ्यावर एका वेळी किती माणसं बसली हे मोजायच्या फंदात मी पडले नाही. यात्रेला निघालं की पोरांवर पोरं. पोलीस दिसला की सुभेदार पुढचा पट्टा छातीवरून ओढून हातात धरायचे, कुलपात घालायचे नाहीत. पोलीस मागे पडला की पट्टा सुटला. फौजेत छाती पुढे काढून उभा राहिलेला माणूस, आणि एका पट्ट्यापुढे असली चलाखी. मागे आम्हाला तर कुणी विचारतही नव्हतं.

त्या गर्दीत एक मुलगी कायम खिडकीला डोकं टेकून बसायची. सुभेदारांची मुलगी, क्रांती. नर्सिंगच्या कॉलेजला ती माझ्यावर बसून गेली. लग्न होऊन निघाली तेव्हा माझ्यावरच रडली, आणि मग रुमाल संपला म्हणून हसली. तिचा नवराही फौजेत. लग्नानंतर दोघं एकदा माणात निघाले होते, तेव्हा तिनं त्याला एक गोष्ट सांगितली. गाडी चालवत होता कुणी भाड्याचा ड्रायव्हर, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होती. मी तिच्या खालीच होते, मला सगळं ऐकू आलं.

ती लहान असताना सुभेदारांना पहिल्यांदा फॅमिली क्वार्टर मिळालं, लांब उत्तरेत. खोली एकच. मग त्यांनी धाकट्या ऋषिराजला नेलं आणि क्रांतीला माणात आजीकडे ठेवलं. जागा नाही, एवढंच तिला सांगितलं होतं. आजोळी एक पोर ठेवायची आपल्याकडे रीतच आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. "आजीनं लाडच केले," ती नवऱ्याला म्हणाली. "पण मी रोज आजीच्या खोलीत जमिनीवर काठीनं मापं घ्यायचे. हितं आई, हितं आबा, हितं ऋषिराज. हितं मी. मला तर जागा दिसायची." बाहेर माळ होता, मेंढरं होती. तिनं डोकं पुन्हा काचेला टेकवलं.

पुढे क्रांतीला मुलगा झाला, शिवतेज. मग जुळी झाली, जयराज आणि राजेश्वरी. दवाखान्यातून तिघंही घरी आली ती माझ्यावरून. नवरा सीमेवर, म्हणून ती साताऱ्यातच आईवडिलांपाशी राहायची आणि एका खाजगी दवाखान्यात नोकरी करायची.

शिवतेजची आवडती जागा तुम्हाला ठाऊक असेल, कारण तुमचीही तीच असणार. पुढच्या दोन सीटांच्या मधे उभं राहायचं, दोन्हीकडे कोपरं टेकवायची आणि समोरचा रस्ता बघायचा. सगळ्या घराला ते कौतुक. एका संध्याकाळी कराडकडून येताना उसाची ट्रॉली पुढे होती. मागे दिवा नाही, काही नाही. सुभेदारांनी करकचून ब्रेक मारला. रंगूबाईंच्या मांडीवर दोन्ही जुळी होती, त्यांनी ती पोटाशी आवळली आणि स्वतःचं कोपर पुढच्या सीटवर आपटून घेतलं. शिवतेज मात्र उडाला. हनुवटी गिअरच्या दांड्यावर. रक्त माझ्या रेक्झिनवर आलं. ते पुसलं की निघतं. रेक्झिनचा तो गुणच आहे, काही झालंच नाही असं दाखवायचा.

टाके पडले. घरी आल्यावर सगळे म्हणाले, देवाची कृपा, हनुवटीवर निभावलं. देवाला काय, तो बिचारा सगळ्यांवर कृपा करतच असतो. माझ्या फटीत तीन कुलपं दाबून पडली होती, त्यांचं नाव कुणी काढलं नाही. क्रांती फक्त एकदा माझ्याकडे बघत उभी राहिली.

मग यंदा तिला सांगलीत सरकारी नर्सची नोकरी लागली. कायमची. घरात पेढे आले आणि त्याच दिवशी भांडण आलं. सांगलीत तिनं खोली बघितली, शेजारच्या अख्तरबींच्या पाळणाघरात जुळ्यांची सोय झाली, शिवतेजची शाळा ठरली. गाडी सुभेदारांनी तिलाच दिली, दर शनिवारी यायला-जायला. आणि मग क्रांती म्हणाली, "तिन्ही पोरं बारक्यांच्या खुर्चीत पट्टा लावून बसल्याशिवाय मी गाडी हलवणार न्हाई. मी चालवणार. मागं मांडी कुणाची?"

आमच्याकडे प्रत्येक प्रश्नाला मांडी हे उत्तर असतं. लेकरू रडतंय, मांडीवर घ्या. जागा नाही, मांडीवर घ्या. पण आई एकटी स्टिअरिंगवर असेल तर मांडी आणायची कुठून?

जावयानं तीन खुर्च्या पाठवल्या. जुळ्यांसाठी पाठ असलेल्या दोन, ज्यांच्यात पोराला खांद्यावरून पट्ट्यांनी बांधतात. शिवतेजसाठी पाटासारखी एक उंच बैठक. तिला स्वतःचा पट्टा नसतो, गाडीचा खांद्यावरचा पट्टाच पोराला लागतो. अंगणात खोकी उघडली तेव्हा रंगूबाई हनुवटीला हात लावून बघत राहिल्या.

"पोरं हायत का आमदार?"

"आये, पोरंच हायत. म्हनून तर."

"माझ्या मांडीवरनं कवा कोन पडलं का ग?"

क्रांतीनं शिवतेजच्या हनुवटीकडे बघितलं आणि माझ्या फटीत हात घातला. कुलपं शोधायला. रेक्झिन ताठ. शिवतेजनंही आपला बारका हात घातला. एक केसाची पिन निघाली, खारा शेंगदाणा निघाला, कुणाच्या तरी लग्नातली अक्षता निघाली. कुलूप निघालं नाही.

सगळी वरात नियाजभाईच्या दुकानात गेली. नियाजभाईचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी माझ्यावर हात फिरवला. "बघा सुभेदारसाब, माजं काम. शिवन उसवली न्हाई अजून."

"शिवन चांगलीच हाय," सुभेदार म्हणाले. "आता तिला भोकं पाड. कुलपं भायेर काढ. फक्त भोकं. कव्हर तसंच ठेवायचं."

पातं लागलं तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. माझी कुलपं उजेडात आली. मधला पट्टा घडीवर पिवळा पडला होता, हळदीच्या पोत्यांमुळे. नियाजभाईंनी तो ओढून बघितला, कडेचे दोन सरासर ओढले, सोडले. "पट्टं नव्यासारखं हायत. वापरलंच न्हाई तर झिजतील कशानं?"

मग खुर्च्या बसवायला घेतल्या. सगळ्यांना वाटलं, शिवतेजचा पाट सगळ्यात लहान, तो मधे ठेवा. ठेवला. तिन्ही बसल्या. सुभेदारांनी हात झटकले. "झालं. एवढ्यासाठी एवढा दंगा?"

क्रांती वाकून बघत होती. "झालं न्हाई आबा. मधला पट्टा नुसता कमरेचा हाय. ह्याला खांद्यावरचा लागतो. ह्यो मधी बसला तर परत तोंडावर जाणार."

मग शिवतेजचा पाट दाराशी आणि राजेश्वरीची खुर्ची मधे. आता मात्र जमेना. कडेला रेक्झिनच्या उंच गाद्या, खुर्च्यांना दोन्हीकडे पेले ठेवायचे कान, आणि माझी रुंदी जन्मापासून आहे तेवढीच. दार लागलं की शिवतेजचा पट्टा कुलपापर्यंत पोचेना. पट्टा लावला की दार लागेना. जयराजला इकडे केलं, तिकडे केलं. सुभेदारांनी दाराला कमरेनं रेटा दिला. दोन बोटांचं अंतर काही मिटेना.

"ताई," नियाजभाई घाम पुसत म्हणाले, "मंत्री तीन आन खाती दोन, असं झालंय हे."

राजेश्वरी तिच्या खुर्चीत बसून रेक्झिनच्या भोकात बोट घालत होती. सुभेदार दुकानाच्या फळीवर बसले. आवाज एकदम मऊ केला त्यांनी. मऊ आवाजात बोलायला लागले की मला भीती वाटते माणसांची.

"क्रांते, ऐक माजं. एक पोरगी ऱ्हाऊदे हितं. तुझी आई हाय, मी हाय. पोरगं शाळंला जाईल, दोघं तिकडं, पोरगी हितं. दर शनवारी येनारच हायेस की. जागाच न्हाई त्याला कोन काय करनार?"

मित्रांनो, तीन पोरांतलं कुठलं एक राहील याचा त्यांनी विचारसुद्धा केला नव्हता. 'पोरगी' असंच तोंडातून निघालं. त्यांना ते ऐकूही आलं नसेल.

क्रांती माझ्यावर गुडघा टेकवून पट्टा ओढत होती. तिनं मान वर केली नाही.

"तूबी राह्यलीस की माणात," सुभेदार म्हणाले. "काय कमी झालं तुला?"

क्रांतीचा हात थांबला. उत्तर दिलं ते रंगूबाईंनी. त्या दाराशी उभ्या होत्या, जयराजला कडेवर घेऊन.

"काय कमी झालं ते तिला कवा इचारलंत का?"

"तू गप ग."

"गपच हाय की मी लगीन झाल्यापास्नं. आवं, चार वर्सांनी तिला आणाय गेलो तवा तुमी बाहेर मामांबरं गप्पा मारत हुता. मी आत गेले. पोर चुलीपाशी बसल्याली. मला बघितलं आन आजीला म्हनाली, आजी, कुनी काकी आल्यात बघ." रंगूबाईंनी जयराजला दुसऱ्या कडेवर घेतलं. "काकी म्हनाली मला. पाणी आणून दिलं पावन्याला देत्यात तसं. मी पिले. तुमाला सांगिटलं न्हाई आजवर."

दुकानात मशीनचं चाक उगाच फिरत होतं, नियाजभाईंनी पाय काढून घेतला. क्रांती माझ्यावर तशीच गुडघा टेकून होती. तिला हे आठवत नसावं. तिच्या गुडघ्याचा भार माझ्यावर एकदम वाढला, एवढं मला कळलं.

सुभेदार फळीवरून उठले. माझ्या पाठीवरच्या पलटणीच्या नावावरून अंगठा फिरवला, धूळ पुसल्यासारखा.

"नियाज. हे सगळंच काढ."

"कव्हर? साब, अजून पंधरा वर्सं जाईल ते."

"जाईल. म्हनूनच काढ."

"नाव तरी वाचवतो मी. चौकोन कापून देतो."

"कशालाबी कापून दे. दोन बोटं पायजेत, तेवढी काढ."

नियाजभाईंनी स्वतःची शिवण स्वतःच्या हातानं उसवली. तोंडानं पुटपुटत होते, ज्या हातानं शिवायचं त्याच हातानं फाडायचं, काय जमाना आलाय. रेक्झिन सुटलं, फोम सुटला, कडेच्या त्या ऐटबाज गाद्या जमिनीवर पडल्या. आणि मी, मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझ्या मूळच्या राखाडी अंगानं उघडी पडले. कोपऱ्यात कुंकवाचं बोट होतं. तसंच. नवं.

रंगूबाईंनी ते बघितलं आणि पदरानं पुसायला गेल्या, मग पुसलं नाही.

क्रांतीनं खुर्च्यांचे पेल्याचे कान फिरवून काढले. पुन्हा मांडणी केली. आधी मधली राजेश्वरीची, मग जयराजची, शेवटी शिवतेजचा पाट. मधल्या खुर्चीचा पट्टा काही घट्ट होईना, खुर्ची हलायची. तेव्हा सुभेदार पुढे आले. "सर बाजूला. बिस्तरा आवळल्यासारखा आवळावा लागंल त्याला." फौजेत बदली झाली की अंथरुणाची वळकटी गुडघ्यानं दाबून पट्ट्यानं आवळतात. त्यांनी तसाच गुडघा खुर्चीत रोवला, सगळं वजन टाकलं, आणि एका दमात पट्टा खेचला. मला दुखलं. इतकं चांगलं कधी दुखलं नव्हतं. खुर्ची धरून हलवली तर खुर्ची नाही, सगळी गाडी हलली.

टक. टक. मग शिवतेजनं स्वतःच पट्टा ओढला, जीभ कुलपात घातली. टक. क्रांतीनं दार लोटलं. दार लागलं. रेटा न देता, कमरेनं ढकलल्याशिवाय, रोजच्यासारखं लागलं.

क्रांतीनं ते पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावून बघितलं. मग गाडीच्या मागच्या बाजूला गेली आणि तिथं थोडा वेळ एकटीच उभी राहिली. मला मागच्या काचेतून तिची पाठ दिसत होती.

निघायच्या सकाळी मात्र नवीच अडचण झाली. महिनाभर पोरं रुळेपर्यंत रंगूबाई सांगलीत राहणार होत्या, आणि पोचवायला म्हणून सुभेदारही निघाले होते. सामान डिकीत गेलं. पोरं बांधून झाली. सुभेदार सवयीनं पुढे, चालकाशेजारी जाऊन बसले, काच खाली केली, चष्मा घातला. रंगूबाई सवयीनं मागच्या दाराशी आल्या, चपला काढल्या, आणि तशाच उभ्या राहिल्या. माझ्यावर तीन खुर्च्या. मांडी घालायला तर सोडाच, बोट टेकवायला जागा नव्हती. एवढी वर्षं ज्या बाईनं मला अंगण केलं, तिलाच मी आत घेऊ शकत नव्हते. मला त्यांच्याशी बोलता येत असतं तर मी काय बोलले असते, मला अजून सुचलेलं नाही.

"आबा," क्रांती म्हणाली, "आई कुठं बसनार?"

सुभेदारांनी मागे वळून बघितलं. मग रंगूबाईंच्या हातातल्या चपला बघितल्या. चष्मा काढला. दार उघडलं आणि खाली उतरले.

"बस पुढं. मी एसटीनं येतो. मला अर्धं तिकीट हाय."

"पुढं? मी?" रंगूबाई मागे सरल्या. "शेजारी काय म्हनतील, सुभेदारीण पुढं आन सुभेदार एसटीत."

"म्हनूंद्या. पोरीला वाट दावायला कोनतरी पुढं लागतंय. म्हाईत हाय का तुला वाट?"

"एवढी वर्सं मागनं बघतच आले की. मला न म्हाईत असायला काय झालं? पेठ नाक्याला तुमीच दोनदा चुकला हुता."

"तवा का बोलली न्हाईस?"

"मागनं बोललेलं पुढं ऐकाय येतंय का?"

त्या पुढे बसल्या. चपला हातातच. पाय कुठे ठेवावे हे कळेना म्हणून मांडी घालायला लागल्या, क्रांतीनं पाय खाली सोडायला लावले. समोर सगळा रस्ता मोकळा. माझ्या जागेवरून इतकी वर्षं त्यांना फक्त नवऱ्याची टाळू दिसत होती. त्या मान थोडी पुढे काढून बसल्या, शिवतेज उभा राहायचा तशी.

क्रांतीनं त्यांचा पट्टा ओढून दिला. रंगूबाईंनी तो सुभेदारांसारखाच छातीवर धरून ठेवला.

"आज्जी," मागून शिवतेज म्हणाला, "टक आला न्हाई."

"धरलाय की रं घट्ट."

"धरून चालत न्हाई. टक आला पायजे. मम्मी गाडी हलवत नसती."

रंगूबाई वाकल्या, चाचपडल्या, एकदा चुकल्या.

टक.

गाडी हलली. फाटकापाशी सुभेदार उभे होते, हातात पिशवी. पिशवीत घडी घातलेला रेक्झिनचा चौकोन होता, एसटीच्या बाकावर अंथरायला.

आता मी सांगलीत असते. तिन्ही खुर्च्यांचे खड्डे माझ्या अंगात पडले आहेत आणि ते आता भरून येणार नाहीत. मधल्या भेगेत बिस्किटाचा चुरा आहे. कधी हळदीच्या बाजारावरून गाडी जाते, वास येतो, आणि मला रंगूबाईंच्या वजनाची आठवण होते. त्या येतात सांगलीला, पण आता पुढे बसतात. जाताना एकदा हात मागे करून माझ्या कोपऱ्याला चाचपतात. तिथं काय आहे ते फक्त आम्हा दोघींना माहीत.

मित्रांनो, जाता जाता एक काम सांगते. तुमच्या घरी गाडी असेल, नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीत बसायची वेळ येईल, तेव्हा मागच्या सीटच्या फटीत हात घाला. शेंगदाणा लागेल, पिन लागेल, चिक्कट काहीतरी लागेल, घाबरू नका. अजून आत घाला. खाली दाबून टाकलेलं कुलूप हाताला लागेल. ते ओढून वर काढा. मोठी माणसं म्हणतील, टोचतंय, आत घाल. घालू नका. आणि कुणी तुमच्यापैकी एकाला म्हणालं की जागा नाही, तू मागे राहा, तर आधी कव्हर काढून बघायला सांगा.

मी वाट बघते आहे. 'टक' असा आवाज मला दुसऱ्या गाडीतूनही ऐकू येतो.